मुकी फांदी

संस्थेत सगळे त्याला कानसेन म्हणत. सुरुवात कुणी केली ते आता कुणाला आठवत नाही, पण हाक ऐकली की त्याची मान कशी ताठ व्हायची ते सगळ्यांना आठवतं. हुद्दा म्हणाल तर साधा, किडे सांभाळणारा. पिंजरे धुवायचे, पानं घालायची, मेलेले उचलायचे. तोरा मात्र असा, की संस्था जणू त्याच्या दोन कानांवर उभी आहे. आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं ती तशी उभी होतीच, त्यामुळे त्याला कुणी काही बोलायला जात नसे.

संस्था नाकतोड्यांवर काम करायची. शेतात उड्या मारतात ते आखूड मिशांचे नव्हेत. हे हिरवे, पानासारख्या पंखांचे, अंगापेक्षा लांब मिशांचे. त्यांच्या जातींमध्ये कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत आणि कोण नुसताच चेहऱ्यानं सारखा, हे तिथे शोधून काढायचं होतं. काम चालवणाऱ्या बाईंच्या खोलीत भिंतभर वंशवृक्ष रंगवलेला होता. बुंध्याशी ते पूर्वज, ज्यांच्या पंखाचा तेवढा ठसा दगडात राहिला होता. वर फांद्याच फांद्या. दिसायला अगदी सारख्या दोन जाती वेगळ्या ओळखायच्या कशा, तर बहुतेक वेळा आवाजावरून. नर आपल्या डाव्या पंखाखालची दातेरी शीर उजव्या पंखाच्या कडेवर घासतो, त्यातून आवाज निघतो, आणि तो ऐकून मादी अंधारातून चालत येते. ती ऐकते पुढच्या पायांच्या गुडघ्यांखाली. माणसाची अक्कल गुडघ्यात असते असं आपण चेष्टेनं म्हणतो, यांचे कान खरोखरच तिथे असतात. दुसऱ्या जातीचा नर शेजारी बसून घसा फोडत असला तरी मादी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. म्हणून एकदा सूर बदलला की घराणं वेगळं होतं, आणि बाईंच्या भिंतीवर एक फांदी वाढते.

कानसेनची खोली संस्थेच्या मागच्या अंगाला, बिनखिडक्यांची. नाकतोडे गातात रात्री आणि माणसं पगार घेतात दिवसाचा, म्हणून त्या खोलीत उलटा कारभार होता. रात्रभर दिवे चालू, सकाळी कानसेन आला की बंद. बाहेर लोक चहा पीत गप्पा मारत असले की आत काळोख पडे. एक मिणमिणता लाल दिवा, एक स्टूल आणि स्टुलावर कानसेन. दुसरं कुणी आत पाऊल टाकलं की सगळे पिंजरे एकदम चिडीचूप होत. त्याची मात्र त्यांना सवय झाली होती. तो बसायचा, ऐकायचा, आणि हातातल्या बारीक कुंचल्यानं नराच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा. या जातीला पांढरा, त्या जातीला पिवळा. त्याचा ठिपका म्हणजे शेवटचा शब्द. बाई तो बघायच्या आणि भिंतीवर फांदी काढायच्या. ध्वनिमुद्रणाचं जुनं यंत्र होतं, पण कुठला नर त्याच्यासमोर ठेवायचा हेही कानसेनच ठरवायचा.

घरी त्याची बायको होती, आणि ती त्याच्या मते बहिरी होती. तिचं दुखणं जरा वेगळं होतं. जाड आवाज तिच्यापर्यंत पोचायचे नाहीत. दार ठोठावलं तर कळायचं नाही, पुरुषांचं बोलणं तर, आवाज चिरकल्याशिवाय, नाहीच. चमचा कपाला लागला, नळ बारीक सुरू राहिला, तर मात्र ती आतल्या खोलीतून उठून यायची. लग्नानंतर एका डॉक्टरनं हे नीट समजावून सांगितलं होतं. कानसेननं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. घरात एकाचेच कान चांगले असावेत, हे त्याला सोयीचं होतं.

त्याची एक आवडती करमणूक होती. पाहुणे आले की बायकोच्या मागे उभं राहायचं आणि आपल्या खर्जातल्या आवाजात म्हणायचं, "ही आमची भिंत. फरक एवढाच, की भिंतीला म्हणे कान असतात." पाहुणे हसायचे. तोंडावर हात ठेवून का होईना, पण हसायचे. ती वळून बघायची तेव्हा सगळ्यांचे चेहरे एकदम सरळ व्हायचे. हसणारा चेहरा सरळ होताना कसा दिसतो हे ज्यानं वर्षानुवर्षं पाहिलंय, त्याला ऐकू येण्याची गरज उरत नाही. तिला सगळं कळत होतं. ती चहा ठेवायला आत जायची.

आता कानसेनच्या कानांचं. पन्नाशी उलटल्यावर वरच्या पट्टीचे सूर माणसाला सोडून जाऊ लागतात, तसे ते त्यालाही सोडून चालले होते. घरातलं गजराचं घड्याळ वाजेनासं झालं. त्यानं ते दुरुस्तीला टाकलं. दुरुस्तीवाल्यानं ते वाजवून दाखवलं तेव्हा, "इथे बरं वाजतं," म्हणून त्यालाच झापलं आणि नवं घेतलं. तेही वाजेना. बायको म्हणाली, "अहो, वाजतंय की. मघापासून वाजतंय." तो म्हणाला, "तू गप्प बस. तुला काय कळतंय?" पण ते घड्याळ त्यानं पुन्हा दुरुस्तीला नेलं नाही. कान गेला तर मागे उरणार काय? पिंजरे धुणारा एक म्हातारा. निवृत्ती जवळ आली होती, आणि बाई म्हणत होत्या की निवृत्तीनंतरही कानसेनला ठेवून घेऊ, त्याच्यासारखा कान दुसरा नाही. म्हणून त्यानं स्वतःच्या कानांकडे सरळ कानाडोळा केला.

त्याच सुमारास शहराबाहेरची टेकडी खाणीसाठी फोडायला घेतली. बाईंनी घाईघाईनं तिथली झुडपं झाडून काढली आणि मिळाले तेवढे नाकतोडे आणले. दिसायला ते खालच्या ओढ्याकाठच्या जातीसारखेच, पंख तेवढे किंचित आखूड. ओढ्याकाठच्यांचं गाणं कानसेनला पाठ होतं. चिर्र, मग थांबा, मग दोनदा चिर्र. टेकडीवरचे काय गातात? तो लाल दिव्यात स्टुलावर बसला. ऐकू लागला. काही नाही. दुसऱ्या दिवशी बसला, तिसऱ्या दिवशी बसला. नर पंख हलवत होते, अगदी रीतसर घासत होते, आणि खोलीत शांतता होती.

मनात पाल चुकचुकली नसेल असं नाही. पण बाईंच्या समोर उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडून आलं ते असं, "बाई, हे मुके आहेत."

बाईंनी चष्मा काढला. "मुके म्हणजे?"

"पंख हलवतात. आवाज नाही. सवय राहिली, गाणं गेलं."

बाई खुर्चीतून उठल्याच. त्या साठीच्या घरातल्या, शहाण्या, अनुभवी, पण ज्या गोष्टीची माणूस आयुष्यभर वाट बघतो ती समोर आली की तो ती आधी खरी मानतो आणि मग तपासतो. त्यांचं म्हणणं असं होतं, की गाणं महागात पडतं. आवाजावर मादी येते, तशी वटवाघळं येतात, अंगावर अळ्या सोडणाऱ्या माश्याही येतात. तेव्हा कुठल्या तरी फांदीनं कधी तरी गाणं सोडलं असणारच. आणि आता ती फांदी त्यांच्या मागच्या खोलीत पानं खात बसली होती. पंखांची ती निरर्थक हालचाल म्हणजे तर पुरावाच, माणसाच्या पाठीच्या टोकाला शेपटीचं हाड उरावं तसा. बाईंनी त्याच दिवशी भिंतीवर तांबडी फांदी काढली. कानसेननं टेकडीवरच्या सगळ्या नरांच्या पाठीवर तांबडा ठिपका दिला. सत्कार झाला, टाळ्या झाल्या. त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला फार कष्ट कधीच पडले नव्हते, या वेळी तर तो आपण होऊन चढला.

मग बाईंनी एक साधा प्रयोग सांगितला. पंख निकामीच असतील तर ते कापले तरी माद्या यायला हव्यात. अर्ध्या नरांचे पंख कापा, अर्ध्यांचे ठेवा, आणि माद्या कुणाकडे जातात ते बघा.

कानसेननं कात्री घेतली. पंख कापले की नाकतोडा ओरडत नाही, कारण ओरडायचं ते पंखांनीच. पाय झाडतो आणि गप्प होतो. अर्ध्या नरांचे कापून झाले. माद्या सोडल्या. लाल दिव्यात त्यानं जे पाहिलं ते फार सरळ होतं. माद्या थांबत थांबत, पुढचे पाय उचलून अंदाज घेत, पंखवाल्या नरांकडे गेल्या. सगळ्या. कापलेले नर उघड्या पाठीनं बसून राहिले, त्यांच्याकडे एकही फिरकली नाही. त्या काहीतरी ऐकत होत्या. खोलीत काहीतरी वाजत होतं, बहुधा भरपूर वाजत होतं, आणि त्यातलं एक अक्षर कानसेनला कळत नव्हतं.

जाताना त्यानं एक पंखवाला नर डबीत घालून घरी नेला. बायको स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोरी उभी होती. त्यानं टेबलावर डबी उघडून ठेवली, वर जाळी बांधली, दिवा मालवला आणि बसून राहिला. काही वेळानं शेगडीच्या अंधुक उजेडात नराचे पंख हलले.

बायकोनं कढईवरून हात काढला आणि मागे वळली. "अहो, काय आणलंय हे? केवढं किंचाळतंय."

कानसेनला उत्तर मिळालं होतं. माणूस म्हणून जगायची एक वेळ त्याच्या पुढ्यात आली होती. दुसऱ्या दिवशी बाईंना जाऊन सांगायचं, बाई, माझा कान गेलाय, नाकतोडे ठीक आहेत. एवढंच. बाईंचा चेहरा पडला असता, भिंतीवरची एक फांदी पुसावी लागली असती, आणि मागच्या खोलीत टेकडीचा वंश जिवंत राहिला असता. त्याऐवजी तो बायकोला चिरकून म्हणाला, "आता बहिरीला किडेपण ऐकू यायला लागले. उद्या भुतं ऐकू येतील. फेकून दे ती डबी."

"खरंच वाजतंय हो."

"फेकून दे म्हटलं ना."

ते मात्र तिला ऐकू आलं नाही, कारण ते त्यानं खर्जात म्हटलं. पण त्याचा हात दाराकडे होता, तेवढ्यावरून कळलं.

सकाळी तो नेहमीपेक्षा लवकर संस्थेत गेला. दिवे मालवले, लाल दिव्याखाली बसला आणि उरलेल्या सगळ्या नरांचे पंख कापले. एकेकाला बोटात धरून, नीट, मुळापासून. त्यांना मुके म्हटलं होतं, आता ते मुके झाले. वाळूच्या डब्यांत माद्यांनी प्रयोगाआधी घातलेली अंडी होती. त्यातून पिल्लं निघाली असती, मोठी झाली असती आणि संस्थेत कुणा तरुण कानाला कधी तरी ऐकू आली असती. त्यानं ते डबे एकेक करून मेलेले किडे वाळवायच्या भट्टीत ठेवले. बाईंना म्हणाला, "बुरशी धरली होती, बाई. टाकावी लागली."

"आणि प्रयोग?"

"काही फरक नाही. माद्या सगळ्यांकडे सारख्याच जातात. खात्रीसाठी उरलेल्यांचेही पंख कापून पाहिले."

बाईंनी मान डोलावली. माद्या हंगाम सरेपर्यंत पिंजऱ्यात फिरत राहिल्या, उंच काटकीवर चढून पुढचे पाय हवेत धरून बसत, आणि मग एकामागून एक मेल्या. टेकडी तोवर सपाट झाली होती. बाईंना वाईट वाटलं. त्यांनी मेलेले सगळे टाचण्या टोचून पेटीत लावले आणि खाली लिहिलं, मुकी शाखा. कानसेन पेटीजवळून जायचा तेव्हा मान ताठच ठेवायचा. मला विचाराल तर त्याला पश्चात्ताप झाला नाही. भीती गेली, एवढंच झालं, आणि भीती गेली की अशा माणसाला झोप छान लागते.

एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. बायकोनं डबी फेकली नव्हती.

तिनं तो नाकतोडा एका बरणीत घातला, तोंडाला फडकं बांधलं आणि स्वयंपाकघरात खिडकीपाशी पिठाच्या डब्यांमागे ठेवला. काकडीचे काप द्यायची, कोवळी पानं द्यायची. दिवस मावळला की तो सुरू व्हायचा. या घरात इतकी वर्षं तिच्याशी जे कुणी बोललं ते तिला ऐकू न येणाऱ्या आवाजात बोललं. हा एकच असा होता, की त्याचं सगळं बोलणं तिला पोचत होतं. तो तिच्यासाठी गात नव्हता हे तिलाही समजत होतं. तो कुणाला तरी बोलावत होता. तरी तिला बरं वाटायचं. कानसेन शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेला असायचा. एरवी स्वयंपाकघरात पाऊल टाकणं त्याला कमीपणाचं वाटे, आणि ऐकून उठून येईल अशी तर भीतीच नव्हती. पहिल्या संध्याकाळी ती दबकत होती. मग एकदा तिनं मुद्दाम दार सताड उघडं ठेवलं आणि नवऱ्याकडे बघत उभी राहिली. नाकतोडा कानठळ्या बसतील असा ओरडत होता. कानसेननं पान उलटलं. तिला सगळं कळलं. त्या दिवसापासून तिनं दार लावणं सोडून दिलं.

हंगाम सरला तरी बरणीतला तग धरून होता. कानसेनच्या मुदतवाढीचं नक्की झालं तेव्हा बाई स्वतः घरी आल्या. म्हणाल्या होत्या, ही बातमी तुमच्या बायकोसमोरच सांगायची. संध्याकाळची वेळ. सोबत संस्थेत नवं आवाजाचं यंत्र बसवायला आलेला यंत्रवाला होता, पस्तिशीचा, हसतमुख, खांद्याला पिशवी. चहा आला. कानसेन रंगात आला होता. बायको कप ठेवून वळली तसा तो तिच्या पाठीमागून म्हणाला, "ही आमची भिंत." बाई ओशाळवाणं हसल्या. यंत्रवाला हसला नाही. त्यानं कान टवकारले होते.

"काकू, आत काही चालू राहिलंय का? शिट्टीसारखं?"

"कुठे काय?" कानसेन म्हणाला. "शेजारी पाण्याची मोटर आहे. तीच असेल."

"मोटर नाही काका. किडा आहे." त्यानं पिशवीतून हातात मावेल एवढं यंत्र काढलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं धरलं. काचेवर हिरवी रेघ उसळली, बसली, पुन्हा उसळली. बाईंना ऐकू येत नव्हतं, पण रेघा वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी कप खाली ठेवला.

"हा ओढ्याकाठचा नाही," त्या म्हणाल्या. "हा कुठला?"

"बाई, तुम्हाला काही ऐकू येतंय का? मला नाही येत," कानसेन म्हणाला. "काही नाहीच आहे. यंत्र नवं आहे, चुकत असेल. अगं, सांग ना यांना, आत काही आवाज नाहीये म्हणून." आयुष्यात पहिल्यांदाच तो बायकोसमोर येऊन, तिला ओठ दिसतील असं, सावकाश बोलला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "मला काय विचारताय? मी तर बहिरी."

एवढं बोलून ती आत गेली आणि बरणी घेऊन आली. चहाच्या कपांच्या मधोमध ठेवली. "रोज संध्याकाळी ओरडतो," ती बाईंना म्हणाली. "हे इथेच पेपर वाचत बसलेले असतात."

बाईंनी फडकं सोडलं. पंख शाबूत. पाठीवर तांबडा ठिपका, कानसेनच्याच कुंचल्याचा. त्या बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. भिंतीवरची फांदी, प्रयोग, बुरशी, सगळं त्यांच्या डोक्यात एकेक करून जागेवर बसत असावं, कारण त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"मादी आहे का एखादी?" त्यांनी विचारलं. "कुठेही?"

"नाही," कानसेन म्हणाला.

"अंडी?"

कानसेननं आपला कप उचलला आणि तसाच पुन्हा बशीत ठेवला.

त्या आरडाओरडा करतील असं यंत्रवाल्याला वाटलं. त्यांनी तसं काही केलं नाही. बरणी उचलली आणि कानसेनच्या तोंडासमोर धरली, परीक्षेत पोरापुढे प्रश्नपत्रिका धरावी तशी. "ऐका," त्या म्हणाल्या. "आणि मला सांगा काय ऐकू येतंय. तुमच्या कानावर मी एक फांदी काढली होती."

खोलीत दिवा लावलेला नव्हता. कानसेननं कान काचेला लावला. डोळे मिटून घेतले, लाल दिव्याखाली मिटायचा तसे. कपाळावर शीर तटतटली होती. सगळे त्याच्याकडे बघत होते. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं हसू आलं, आणि बोटानं मांडीवर ठेका धरत तो म्हणाला, "येतंय. बारीक आहे, पण येतंय. चिर्र… मग थांबा… मग दोनदा चिर्र."

यंत्राच्या काचेवर हिरवी रेघ सपाट पडली होती. यंत्रवाल्यानं ती बाईंना दाखवली आणि मान खाली घातली.

"तो केव्हाच थांबलाय," बायको म्हणाली, आणि तिनं कप उचलायला घेतले.